टोपल्यातलं लोखंड

विहिरींचे किस्से होत नाहीत. ग्रामसेवक म्हणून मी विहिरी पाहिल्या, खताचे खड्डे पाहिले, बांध पाहिले. पण त्यातून चारचौघांत सांगावं असं काही निघालं नाही. विहीर जिथे खणली तिथेच राहते. कोंबडी राहत नाही. ती शेजाऱ्याकडे जाते, देवळात जाते, हेडमास्तरांच्या टेबलावर चढते, आणि घरी येताना एक किस्सा घेऊन येते. त्यात माघ-फाल्गुनाचं आभाळ असेल तर विचारूच नका. सकाळी कानटोपी, दुपारी घाम, संध्याकाळी ढग, आणि त्या ढगात पाणी आहे की गारा हे ढगालाही माहीत नाही! त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या माना वर असायच्या. आजही फेब्रुवारी लागला की मला खुर्चीत धड बसवत नाही. बायको म्हणते, "कोंबड्या जाऊन जमाना झाला, आता तरी टेका." मी टेकतो आणि खिडकीतून आभाळ बघतो.

महाराष्ट्र तेव्हा नवाच झाला होता. पंचायत समिती नवी, मी नवा, सायकलही नवी. मूळ मी मेहकरकडचा, जानेफळचा. नेमणूक मिळाली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, धामणगाव बढ्याजवळच्या एका गावात. वरून स्कीम आली होती. गावठी कोंबडा जमा करायचा आणि पांढरा विलायती कोंबडा घेऊन जायचा. गावठी कोंबडीला त्याच्यापासून जी पिल्लं होतील ती मोठी झाल्यावर भरपूर अंडी देतील, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. ती ऐन माघात राबवायची हे कोणी ठरवलं, त्या माणसाला मात्र मी अजून शोधतो आहे.

एसटी थांबायची तिथे महादूचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकं आणि वर टिनाचे पत्रे. संध्याकाळी त्या बाकांवर आमचं कोंबडी मंडळ भरायचं. गुरांच्या दवाखान्याचे स्टॉकमन कुळकर्णी. त्यांचं कुठल्याही गोष्टीवर लेक्चर तयार. शाळेचे पाठक गुरुजी; त्यांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, पण गावापुढे उदाहरण हवं म्हणून पहिला कोंबडा त्यांनीच घेतला. मग स्वतः महादू. आणि वांगी-मिरचीचा मळा करणारे किसनभाऊ. किसनभाऊ फार बोलत नसत. बोलले की कोणाचा तरी चहा सांडायचा.

*

कोंबडे एसटीच्या टपावरून आले. बांबूच्या पिंजऱ्यात, थंडीनं अंगाचा चेंडू करून बसलेले, वर तांबड्या तुऱ्याची झालर. सगळं गाव गोळा झालं. इतके पांढरेशुभ्र कोंबडे कोणी पाहिलेच नव्हते. किसनभाऊंनी पिंजऱ्याला एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"ग्रामसेवक भाऊ, हे सारे बुढे हायेत. केस पिकले यांचे. आमाले जवान द्या."

कुळकर्ण्यांनी लगेच लेक्चर सुरू केलं. ही जातच पांढरी, अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत हा रंग येतो, वयाचा इथे प्रश्नच नाही. किसनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे जातच पिकेल हाये," ते म्हणाले आणि त्यातलाच एक उचलून काखेत मारला.

बदल्यात गावठी कोंबडे जमा झाले. ते त्याच गाडीनं वर पाठवायचे होते. महादूनं आपला तांबडा कोंबडा डोळ्यांत पाणी आणून पिंजऱ्यात टाकला. गाडी गेली. संध्याकाळी आम्ही चहाला बसलो तर तोच तांबडा कोंबडा टिनावर उभा! वाटेत पिंजऱ्याची काडी मोडली असणार. महादूच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, पण समोर मी बसलेला, म्हणजे सरकारच बसलेलं.

"सरकारी झाला होता, साहेब," तो म्हणाला, "पण बदली मंजूर नाई झाली त्याची."

*

माघातली थंडी त्या वर्षी जरा जास्तच बोचरी होती. कुळकर्ण्यांनी बाकावर जाहीर केलं की या जातीचा तुरा मोठा, त्याला गारठा बाधतो, तुरा गेला की कोंबडा गेला. सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पाठक गुरुजींनी मात्र मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात त्यांचा कोंबडा फिरत होता आणि त्याच्या डोक्याला गुरुजींचा राखाडी मफलर गुंडाळलेला होता. मुलांचा अभ्यास त्या दिवशी झाला असेल असं मला वाटत नाही.

मफलर कोंबड्याला दिल्यामुळे गुरुजींना खोकला झाला. आठवडाभर ते फळ्याशी उभे राहून खोकत होते आणि खिडकीबाहेर कोंबडा रुबाबात फिरत होता. शेवटी मी म्हणालो, गुरुजी, तेवढा मफलर परत घ्या. गुरुजी म्हणाले, "मला खोकल्याचं औषध मिळतं हो. त्याच्या तुऱ्याला कोण औषध देणार आहे?"

*

थंडी कमी झाली म्हणून हायसं वाटावं तर ढगांचा खेळ सुरू झाला. दुपारी अंधारून यायचं, कोंबड्या बिचाऱ्या रात्र झाली म्हणून खुराड्यात शिरायच्या, आणि घटकाभरात लख्ख ऊन. दिवसातून दोन-दोनदा सकाळ व्हायची. माणसं चिडचिडी झाली होती. कोंबड्यांना तर काही सुचत नव्हतं.

अशाच एका दुपारी एसटी येऊन उभी होती. गाडी सुटायला अवकाश होता. ड्रायव्हर महादूच्या बाकावर तोंडावर टॉवेल घेऊन आडवा झाला होता. कंडक्टर हॉटेलामागे भजी खात होता. आभाळ भरून आलं, महादूचा पांढरा कोंबडा टिनाखालच्या लाकडावर चढून बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मग वारा सुटला, ढग फाटला, ऊन आलं, आणि कोंबडा त्याच लाकडावर, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर उभा राहून आरवला.

ड्रायव्हर ताडकन उठला. टॉवेल खांद्यावर टाकला, जागेवर बसला, गाडी सुरू केली आणि निघाला. आतल्या लोकांना वाटलं, वेळ झाली. कंडक्टर हातात भजी घेऊन धावत पुढे आला तर समोर नुसती धूळ. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. माझी नवी सायकल उभी होती. ती घेऊन तो गेला, भज्यांसकट!

संध्याकाळी सायकल परत आली, तिच्याबरोबर ड्रायव्हरही आला. त्याचं म्हणणं साधं होतं. मुक्कामाची गाडी तो रोज पहाटे कोंबडा आरवला की काढायचा. आता कोंबडं आरवल्यावर माणसानं निजून राहायचं का? किसनभाऊ महादूला म्हणाले, "तुह्या कोंबड्याले टाइमटेबल आणून दे बे."

*

आता सिंधूचं सांगतो. आम्ही बाकीचे कोंबड्यांशी एक प्रकारे खेळत होतो. तिचं तसं नव्हतं.

सिंधू ही किसनभाऊंची थोरली. सातवी पास, गुरुजींची आवडती विद्यार्थिनी. कोंबडे बघायला वरचे साहेब आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की या भागातून एका मुलीला कोंबडीपालनाच्या ट्रेनिंगला बुलढाण्याला घेणार आहोत, राहायची सोय आहे. जी मुलगी स्वतः अंडी बसवून पिल्लं काढून दाखवेल तिला घेऊ, होळीनंतर मी येतो. साहेबांचं वाक्य संपायच्या आत सिंधूचा हात वर होता.

इकडे रोहिणखेडच्या एका घरानं तिला मागणी घातलेली. घर चांगलं होतं, मुलात खोड नव्हती, नाही म्हणायला कारण नव्हतं. किसनभाऊ पेचात पडले. त्यांनी एके संध्याकाळी बाकावर सगळ्यांदेखत निकाल दिला. सिंधू चहाला दूध घेऊन आलेली, तिथेच उभी होती.

"होळीपर्यंत पिल्लं निघाली त जाय बुलढाण्याले. म्या अडवणार नाई. नाई निघाली त होळी झाली का गाडी जुततो अन्‌ रोहिणखेडले हाव म्हणून येतो. मंग रडायचं नाई."

सिंधू "बरं" म्हणाली आणि दुधाचा तांब्या ठेवून गेली. गुरुजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तिनं भुरी नावाची कोंबडी अंड्यांवर बसवली. गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला आली, की जागची हलत नाही, तापाच्या माणसासारखी फुगून बसते. सगळं नीट चाललं होतं. आणि माघी पौर्णिमा उलटल्यावर एका दुपारी वीज कडाडली, पाऊस आला, खुराड्याच्या टिनातून पाण्याची धार नेमकी टोपल्यात लागली. भुरी उठून पळाली. सिंधू मळ्यातून धावत आली तोवर अंडी गार. पुढे ती दिव्याच्या उजेडात धरून पाहिली तर सगळी वाया गेलेली. सिंधू रडली नाही. तिनं टोपलं घासून धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. मला ते पालथं टोपलं बघवत नव्हतं.

तिची आई सरूवहिनी दारात उभी होती. त्या भागात एक रीत आहे. ढग गरजला की टोपल्यातली अंडी वाया जातात, म्हणून अंड्यांशेजारी भुशात लोखंडाचा तुकडा ठेवायचा. खिळा, विळ्याचं पातं, काहीही. मी सिंधूला सांगितलं होतं की यात अर्थ नाही, ढगाचा आवाज काही अंड्यात शिरत नाही. आणि तिनं माझं ऐकलं होतं.

"तुमच्या शिकवण्यानं झालं, ग्रामसेवक भाऊ," सरूवहिनी म्हणाल्या.

मी टिनाचं भोक दाखवलं, पाण्याचं सांगितलं, गारठ्याचं सांगितलं. त्यांनी भोकाकडे पाहिलं नाही. संध्याकाळी बाकावरही सगळे आपापल्या चहात बघत बसले. मी आजही सांगतो, ते टिनाचं भोकच होतं. पण त्या दिवशी हे ऐकणारा एकही माणूस गावात नव्हता.

महादूच्या घरची एक कोंबडी खुडूक झाली होती. महादूनं तीच आणून दिली. पुन्हा अंडी बसली. होळीच्या आत पिल्लं बाहेर पडतील, अशी जेमतेम वेळ हाती होती. टोपलं या वेळी घराच्या पडवीत, कोपऱ्यात ठेवलं.

*

त्यानंतर गावाला लोखंडाचं वेडच लागलं. जिच्या तिच्या टोपल्यात लोखंड! कुळकर्ण्यांना याचा फार संताप. ते बाकावर बसून सांगत, ही अंधश्रद्धा आहे, शास्त्रात हिला आधार नाही, निदान शिकलेल्यांच्या घरात तरी हे होता कामा नये.

एक दिवस एक शेतकरी गोऱ्हा घेऊन दवाखान्यात आला. गोऱ्ह्याला खच्ची करायचं होतं. त्यासाठी दवाखान्यात एक भला जाड लोखंडी चिमटा असतो. गोऱ्हा पाडला, पाय बांधले, कुळकर्ण्यांनी बाह्या वर केल्या आणि कपाट उघडलं तर चिमटा नाही. टेबलाखाली नाही, खोक्यात नाही. शिपायावर ओरडून झालं. घर मागेच होतं, म्हणून ते पाणी प्यायला आत गेले. पडवीत त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि भुशातून सरकारी चिमट्याच्या दोन दांड्या वर आल्या होत्या.

कुळकर्णीवहिनी शांतपणे म्हणाल्या, "लोखंड लागतं म्हणाले सगळे. एवढं भारदस्त लोखंड घरात दुसरं कुठे होतं?"

कुळकर्णी चिमटा पुसत बाहेर आले. पण शेतकरी त्यांच्या मागेच आलेला होता आणि त्यानं सगळं पाहिलं होतं. तो गोऱ्ह्याचे पाय सोडायला लागला.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "याच्या नशिबात लेकरं दिसतात."

*

मग शाळेचं झालं. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो बडवायला एक लोखंडी गज. घंटा नेहमी गुरुजी स्वतः देत. पाठक गुरुजी शिस्तीचे. घंटेशिवाय शाळा भरायची नाही, घंटेशिवाय सुटायची नाही.

एक दिवस शाळा सुटायची वेळ झाली आणि गेली. मुलं पाट्या दप्तरात घालून बसलेली. गुरुजी खुर्चीत बसलेले. कोणी उठेना. हळूहळू आया दाराशी जमा झाल्या, मीही काय झालं ते बघायला गेलो. पाहतो तर लिंबाला रूळ होता, गज नव्हता. घंटा दिल्याशिवाय सोडता येत नाही आणि गज कुठे आहे हे सांगता येत नाही, असे गुरुजी अडकले होते.

शेवटी ते उठले. ओसरीवर आले, कोट नीट केला, घसा खाकरला आणि रुळाशेजारी उभे राहून गंभीर आवाजात म्हणाले, "टण. टण. टण."

मुलं नेहमीसारखी ओरडत सुटली.

गज सिंधूच्या टोपल्यात होता. गुरुजी सकाळी तिची चौकशी करायला गेले होते आणि धोतराच्या सोग्याखालून तेवढं काम करून आले होते. त्यानंतर महादूच्या हॉटेलात गरम पातेलं फडक्यानं उचलायला सुरुवात झाली. सांडशी कुठे गेली, असं आम्ही विचारलं नाही. मलाही त्या दिवसांत सायकलचा पाना सापडत नव्हता, एवढंच सांगून पुढे जातो.

*

होळीला थोडेच दिवस उरले होते. आम्ही बाकावर बसलो होतो आणि सगळ्यांच्या माना वर होत्या, कारण आभाळाचा रंग बिघडत चालला होता. आधी पिवळट, मग काळा. वारा एकदम थांबला. महादूच्या कोंबड्या एसटीखाली जाऊन बसल्या. लांबून एक सरसर असा आवाज यायला लागला, आणि किसनभाऊ उठले.

मळ्यात त्यांची मिरची उभी होती, वांगी तोडायला आली होती. त्यांना मदत लागेल म्हणून मी सायकल घेऊन मळ्याच्या वाटेला लागलो. वळणावर बघतो तर ते मळ्याकडे गेलेच नव्हते, घराच्या दिशेनं पळत होते. मी सायकल वळवली आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. डोक्यावर सायकलची पिशवी धरून मी कसाबसा त्यांच्या अंगणात शिरलो.

पडवीच्या टिनावरच्या माऱ्यानं कानठळ्या बसत होत्या. आत सिंधू टोपल्यावर गोधडी धरून ओणवी झालेली. किसनभाऊ बैलगाडीच्या साटीवर उभे राहून टिनावर रिकामी पोती आणि बैलांची झूल पसरत होते, आणि ती वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरत होते. गारा त्यांच्या पाठीवर बसत होत्या. सरूवहिनी दारातून मिरचीच्या नावानं आकांत करत होत्या.

गारा थांबल्यावर ते खाली उतरले. पाठीला हात लावून पाहिला. मी नुसता बघत होतो, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "टिनाचा आवाज लय होते. डोकं दुखते माहं."

अंगणात गारांचा खच पडला होता. मिरची पार झोपली. त्या दिवसापासून हवा अशी गार झाली की फाल्गुन आहे की पौष कळेना. कुळकर्णी मला एका बाजूला घेऊन म्हणाले, अंड्यांना गारठा लागला की ती मागे पडतात. निघतील, पण वेळेवर निघतील असं मी सांगू शकत नाही. हे त्यांचं सर्वांत छोटं लेक्चर होतं.

*

होळी पेटली. अंड्यांना चीर नव्हती. धुळवड झाली. आम्ही सगळे रंगानं माखलेले आणि सिंधू पडवीत टोपल्याजवळ बसलेली, कोरडी. तिच्या अंगावर रंग टाकायला कोणाचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणखेडचे मध्यस्थ हजर. गोड बोलणारे, जाकीट घातलेले गृहस्थ. ते ओट्यावर बसून म्हणाले, "होळी झाली, किसनभाऊ. शबद देल्ला होता तुम्ही." किसनभाऊ म्हणाले, हाव, देल्ला होता. शब्द दिलेला आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता, त्यामुळे कोणाला मध्ये बोलता येईना. कुळकर्णी, गुरुजी, महादू, सगळे आपापलं काम टाकून अंगणात आलेले. महादूचं हॉटेल त्या दिवशी नुसतंच धूर सोडत होतं.

किसनभाऊ बैल आणायला मागे गेले. मी पडवीत गेलो. सिंधू म्हणाली, "एकदा पाहा ना, दादा." मी कोंबडी उचलली. अंडी तशीच, गुळगुळीत. तिचा चेहरा बघवेना म्हणून मी उगाच भुसा सारखा करायला लागलो, आणि हाताला एकेक लागायला लागलं. शाळेचा गज. महादूची सांडशी. एक पाना. आणि सगळ्यांच्या खाली गाडीच्या चाकाची खीळ. आसाच्या टोकाला ही खीळ असते म्हणून चाक जागेवर राहतं. तिला ताजं, काळं वंगण लागलेलं होतं.

मी ती हातात धरून सिंधूकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिला काही माहीत नव्हतं. तेवढ्यात मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. किसनभाऊ होते. त्यांनी माझ्या हातून खीळ घेतली. त्यांची बोटं आधीच वंगणानं काळी होती. खीळ त्यांनी होती तिथे, भुशाच्या तळाशी सारली, वर अंडी नीट लावली आणि कोंबडीला दोन्ही हातांनी त्यांच्यावर बसवलं. मग धोतराला हात पुसत बाहेर गेले.

बैल जुंपले. मध्यस्थ जाकीट सावरत गाडीत चढायला निघाले. किसनभाऊंनी गाडीला एक चक्कर मारली, चाकाशी वाकले आणि तिथेच बसले.

"खीळ नाई," ते म्हणाले.

मध्यस्थ खाली वाकले. खरंच नव्हती. "अशी कशी नाई?"

"होती. आता दिसून नाई राह्यली."

दुसऱ्या गाडीची लावा, मध्यस्थ म्हणाले. किसनभाऊंनी मान हलवली. दुसऱ्याची खीळ त्यांच्या आसाला बसत नव्हती म्हणे. मग शोधाशोध सुरू झाली. गुरुजी धोतर खोचून गोठ्यात शिरले. कुळकर्णी कडब्याच्या पेंढ्या उचलून बघू लागले. महादू तर विहिरीत डोकावून आला. इतकी माणसं इतक्या मनापासून, इतक्या चुकीच्या जागी काही शोधताना मी पुन्हा पाहिली नाहीत.

मध्यस्थ हुशार होते. फिरत फिरत ते पडवीशी आले आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "त्या टोपल्यात पाह्यलं का?"

"तेथी कोंबडी बसेल हाये," किसनभाऊ म्हणाले. "तिले उठवायचं नाई. ग्रामसेवक भाऊनं सांगतलं हाये." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. सरूवहिनीसुद्धा.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि अंड्यांच्या टोपल्यात लोखंड कशाला असेल?"

मध्यस्थ काही बोलणार इतक्यात कोंबडीच्या पोटाखालून एक बारीक आवाज आला. मग आणखी एक. सिंधूनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"काय बोललं?" मध्यस्थांनी विचारलं.

"काई नाई," किसनभाऊ बैल सोडता सोडता म्हणाले. "तुम्ही खीळ पाहा, पाव्हणं."